लिथियम बॅटरी बसवल्यावर ती पुन्हा पुन्हा उतरते? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

परफॉर्मन्स गाडीचं वजन कमी करायचं म्हटलं की पहिला हात बॅटरीवर जातो. सीट, चाकं, एक्झॉस्ट यांचा खर्च मोठा आणि काम वेळखाऊ. बॅटरी मात्र दोन नट आणि एक पट्टी सोडली की बाहेर येते. मूळची लेड-अ‍ॅसिड किंवा एजीएम (लेडचाच सीलबंद प्रकार) १५ ते २५ किलोची, नवी लिथियम चार ते सात किलोची. पुढच्या चाकांवरचं एवढं वजन उतरल्यावर वळणात फरक जाणवतो, हे खरं आहे.

मग महिन्याभरात फोन येतो : "दादा, बॅटरी परत बसली."

ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात हा एकच बिघाड मी अनेक गाड्यांवर काढला आहे, आणि बहुतेक वेळा बॅटरी चांगली निघते. म्हणून तर वॉरंटीत बदलून मिळालेली दुसरी बॅटरीही तशीच बसते. दोष असतो गाडीच्या झोपेतल्या खर्चात (बंद उभी गाडी खाते तो करंट), चार्जिंगच्या पद्धतीत किंवा बॅटरी फार लहान घेतल्यात. खालचं सगळं लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारच्या १२ व्होल्टच्या स्टार्टर बॅटरीबद्दल आहे. गाड्यांसाठी बाजारात मिळतात त्या बहुतांशी याच.

लक्षणं

गाडी आठ-दहा दिवस उभी होती. रिमोटने लॉक उघडत नाही, किल्ली फिरवली तर मीटरमध्ये एकही दिवा नाही. मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर शून्य किंवा एक-दोन व्होल्ट. सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण हेच, आणि माणूस घाबरतो तोही इथेच.

पहाटे पहिला सेल्फ जड जातो, इंजिन अर्धा फेरा फिरून थांबतं; लगेच दुसऱ्यांदा सेल्फ मारला तर झटक्यात सुरू.

चालत्या गाडीत, विशेषतः आरपीएम चढवल्यावर, एबीएस, स्टीअरिंग, इंजिन यांचे दिवे क्षणभर लागून जातात.

स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) काम करत नाही, स्क्रीनवर बॅटरी कमी असल्याचा इशारा येतो, आणि बॅटरीवर मोजलं तर १३.२ व्होल्ट.

चार्जर पाच मिनिटांत 'फुल' दाखवतो, पण गाडी दोन सेल्फमध्ये दमते.

बॅटरी हाताला गरम लागते, कवच फुगलं आहे, गोडसर किंवा थिनरसारखा वास येतो, बारीक फुसफुस ऐकू येते. या शेवटच्या लक्षणासाठी घरी करायची कुठलीही तपासणी नाही. चार्जर चालू असेल तर भिंतीवरच्या बटणाने बंद करा, गाडी सुरू करू नका, पाना लावू नका. गाडी मोकळ्यावर असेल तर तशीच राहू द्या आणि माणसांना लांब करा. बेसमेंटमध्ये असेल तर सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला सांगून जागा रिकामी करा आणि धूर दिसला की १०१ किंवा ११२ वर फोन करा. एलएफपी रसायन मोबाइलमधल्या बॅटरीपेक्षा शांत असलं तरी आतल्या इलेक्ट्रोलाइटची वाफ पेट घेते.

बाकीच्या लक्षणांसाठी खालच्या क्रमाने जा. आधी फुकटच्या तपासण्या आहेत, मग शे-पाचशेच्या, मग अवजारं लागणाऱ्या.

१. टर्मिनल हाताने पिळून पाहा

लहान लिथियम बॅटऱ्यांना मुळात जाड पोस्ट नसतात. वर बोल्टची भोकं असतात आणि त्यावर पितळेच्या अडॅप्टर पोस्ट आवळलेल्या असतात. त्या वर गाडीचा क्लॅम्प. म्हणजे लेड बॅटरीत जिथे एक जोड होता तिथे आता दोन झाले. वरचा क्लॅम्प सगळे आवळतात. खालचा बोल्ट कुणी पाहत नाही. क्लॅम्प मुठीत धरून पिळा. पोस्ट खालच्या बोल्टवर जराशी जरी फिरली, किंवा तिच्या बुडाशी काळपट कडं दिसलं, तर बऱ्याच तक्रारींचं कारण सापडलं.

स्टार्टर सेल्फ मारताना काहीशे अँपिअर ओढतो. जोडात फक्त ०.००५ ओहमचा अडथळा असला तरी २०० अँपिअरला तिथेच एक व्होल्ट जातो. मग चांगली बॅटरीही दमलेली वाटते. हाच ढिला जोड खड्ड्यात हादरला की मीटरमधले दिवे चमकून जातात. आणखी एक सोपी खूण आहे: तीन-चारदा सेल्फ मारून लगेच दोन्ही टर्मिनलना बोट लावा. एक गार आणि दुसरं कोमट असेल तर कोमट जोड खराब.

जपानी गाड्यांचे क्लॅम्प बारीक पोस्टचे असतात आणि युरोपियन गाड्यांचे जाड पोस्टचे. बारीक पोस्टवर जाड क्लॅम्प पत्रा घालून आवळलेला मी सारखा बघतो. योग्य मापाची पोस्ट घ्या; पत्र्याचं काम टिकत नाही. आवळतानाही जपून: आतले आटे नाजूक असतात, बॅटरीच्या कागदावर दिलेल्या टॉर्कएवढंच (आवळण्याच्या जोराएवढंच) आवळा.

बॅटरी सोडायची तर आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. आणि सोडण्याआधी एक विचार करा. बॅटरी पुढच्या डिकीत असलेल्या पोर्शसारख्या गाडीत झाकणाची कडी विजेवर चालते. बॅटरी सोडून झाकण लावून टाकलं तर ते उघडायला फ्यूज बॉक्समधल्या खास टोकाला बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात. मागच्या डिकीत बॅटरी असेल तर लोखंडी किल्ली खिशात आहे ना, हे बघून मगच नट सोडा.

याच वेळी बॅटरी जागच्या जागी हलते का तेही पाहा. नवा डबा मूळच्यापेक्षा लहान असतो, मूळची पट्टी त्याला पोचत नाही, आणि फोमचा तुकडा कोंबून काम भागवलेलं असतं. ते चालत नाही. धातूची पट्टी, योग्य स्पेसर, आणि पट्टी पॉझिटिव्हपासून चांगली लांब.

२. लेबलवरचे खरे अँपिअर-अवर (एएच, म्हणजे बॅटरीत मावणारा चार्ज) शोधा

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. डब्यावर मोठ्या अक्षरात '६० एएच' लिहिलेलं असतं आणि बाजूला बारीक अक्षरात 'लेड-अ‍ॅसिड समतुल्य' असा काहीतरी उल्लेख. म्हणजे सेल्फ मारण्यापुरती ती ६० एएचच्या लेड बॅटरीच्या बरोबरीची आहे. आत साठवलेला चार्ज बहुधा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच, सुमारे २० एएच. काही डब्यांवर वॉट-अवर दिलेले असतात. त्याला १२.८ ने भागा, खरा आकडा मिळतो. २५६ वॉट-अवर म्हणजे २० एएच.

समतुल्य म्हणणं खोटं नाही. पोर्शने २०१० पासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडरसाठी लिथियम स्टार्टर बॅटरी पर्याय म्हणून दिली तेव्हा ती १८ एएचची होती आणि ६० एएचच्या लेड बॅटरीच्या जागी बसत होती. वजन सहा किलोच्या आत, म्हणजे दहा किलोंहून अधिक बचत. लेड बॅटरीतला थोडाच हिस्सा प्रत्यक्ष वापरता येतो, लिथियममधला जवळपास सगळा, हा त्यामागचा हिशेब. पण त्याच पोर्शने गाडीबरोबर एक साधी लेड बॅटरीही दिली, कारण गोठणबिंदूखाली लिथियमची सेल्फ मारण्याची ताकद कमी पडते. कारखान्यात बसून हा विचार करणाऱ्यांनी दुसरी बॅटरी सोबत दिली, हे लक्षात ठेवा.

आता उभ्या गाडीचा हिशेब करा. झोपलेली आधुनिक गाडी साधारण ३० ते ५० मिलिअँपिअर खाते. ५० धरले तर दिवसाला १.२ एएच. खरी २० एएच असलेली, ८० टक्के भरलेली बॅटरी, आणि सेल्फसाठी शेवटचे चार एएच राखून ठेवायचे, तर हातात उरतात १२. दहा दिवसांत संपले. ६० एएचची लेड बॅटरी निम्मी रिकामी व्हायला याच गाडीत २५ दिवस लागले असते. बॅटरी बिघडलेली नाही, गाडी बिघडलेली नाही; टाकीच लहान आहे. गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडत असेल तर एकतर खऱ्या ३० ते ४० एएचची बॅटरी घ्या किंवा उभी असताना निगेटिव्ह सोडून ठेवा. दुसरा इलाज फुकट आहे.

३. जुनी लेड बॅटरी परत लावून बघा

म्हणून जुनी भंगारात देऊ नका, निदान पहिले सहा महिने. ती पूर्ण चार्ज करून गाडीत लावा आणि गाडी लॉक करून आठवडाभर उभी ठेवा. सुरुवातीला १२.६ आणि आठवड्याने १२.२ म्हणजे जवळपास निम्मी रिकामी झाली. ६० एएचच्या बॅटरीत हे ३० एएच झाले, म्हणजे सतत १८० मिलिअँपिअर कुठेतरी जात आहेत. गळती गाडीत आहे; सरळ सहाव्या मुद्द्यावर जा. दोन दिवसांत निकाल लावू नका, मोठी बॅटरी गळती बराच काळ लपवते.

४. व्होल्टेज मोजा, पण लेडचे आकडे विसरून

पाचशे रुपयांच्या आतला डिजिटल मल्टीमीटर पुरतो. गाडी बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडण्याआधी मोजता येईल अशी सोय करा, नाहीतर दार उघडताच दिवे लागतात आणि आकडा खाली येतो.

१३.३ किंवा वर : जवळपास भरलेली.
१३.१ ते १३.२ : मधे कुठेतरी, ४० ते ७० टक्के.
१३.० : ३० टक्क्यांच्या आसपास.
१२.८ : २० टक्के किंवा कमी.
१२.५ च्या खाली : रिकामी म्हणा.

लेड बॅटरीत १२.८ म्हणजे छान भरलेली, आणि इथे तोच आकडा धोक्याचा. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात जुन्या पद्धतीचा टेस्टर लावून "एकदम ओके" सांगतात ते यामुळेच. मधल्या टप्प्यात व्होल्टेज इतकं सपाट राहतं की एका दशांशाच्या फरकात तीस टक्के चार्ज लपतो. म्हणून एकदा मोजून काही कळत नाही. तीन-चार दिवस रोज त्याच वेळी मोजून वहीत लिहा.

५. शून्य व्होल्ट दिसले तर

बॅटरीच्या आत बीएमएस नावाचं संरक्षक सर्किट असतं. सेल फार उतरले, फार भरले, फार तापले किंवा शॉर्ट झालं तर ते आतूनच जोड तोडतं. बाहेर मीटर शून्याजवळ दाखवतो, आत सेल शाबूत असतात. साधा चार्जर लावला तर त्याला बॅटरीच दिसत नाही, म्हणून तो सुरू होत नाही, आणि माणूस म्हणतो "मेली".

आधी बॅटरीवर रिस्टार्टचं बटण आहे का बघा. काही बॅटऱ्या शेवटचा साठा राखून मुद्दाम तोडतात. बटण दाबलं की एक-दोन सेल्फ मिळतात. बटण नसेल तर लिथियमसाठीचा, झोपलेल्या बॅटरीला जागं करण्याची सोय असलेला चार्जर लावा. कमाल १४.४ ते १४.६ व्होल्ट. जागी झाल्यावर पहिला अर्धा तास शेजारी थांबा आणि दर पाच मिनिटांनी हात लावून बघा.

काय करू नये ते जास्त महत्त्वाचं आहे. लेड बॅटरीसाठीच्या चार्जरचा 'रिकंडिशन' किंवा 'डिसल्फेशन' मोड वापरू नका. तो १५-१६ व्होल्टपर्यंत जातो. दुसऱ्या चालू गाडीवरून जंपर केबल टाकून लगेच सेल्फ मारू नका. रिकामी लिथियम एकदम प्रचंड करंट ओढते. आणि सुरू झाली म्हणून "अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) भरेल" असं म्हणत हायवे धरू नका. त्याच कारणाने अल्टरनेटर तापतो. आधी चार्जरने भरा, मग चालवा.

जागी झाल्यावर व्होल्टेज आठच्या खालीच असेल, किंवा ती महिनोन्महिने तशी उतरून पडली होती, तर चार्ज करू नका. इतक्या खोल उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा भरताना आतच शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी विकणाऱ्याकडे परत.

६. झोपलेली गाडी किती खाते ते मोजा

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत खरा चोर सर्वाधिक वेळा इथेच सापडतो, म्हणून घाई करू नका.

डीसी क्लॅम्प मीटर असेल, आणि त्याला मिलिअँपिअर नीट कळत असतील, तर काम सोपं: निगेटिव्ह केबलभोवती अडकवा आणि वाचा. घरातल्या वायरिंगसाठीचा स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो इथे निकामी. नसेल तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह केबल आणि पोस्ट यांच्या मधे जोडायचा. पण केबल सोडली की गाडी जागी होते आणि परत जोडताना सगळे कंट्रोलर (गाडीतले छोटे संगणक) एकदम करंट मागतात. मीटरचा फ्यूज उडतो. म्हणून आधी केबल आणि पोस्ट यांना जोडणारी एक जाड वायर क्लिपने लावा, मग केबल सोडा, मग मीटर जोडा. जाड वायर राहू द्या. गाडी झोपल्यावरच ती हळूच काढा. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही, दार उघडायचं नाही.

बोनेट उघडं असेल तर त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडीला "बोनेट लावलं" असं पटवा. डिकीचंही तेच. लॉक करा, किल्ली दूर घरात ठेवा. कीलेस गाडी जवळच्या किल्लीशी सारखी बोलत राहते आणि झोपत नाही. किल्ली पार्किंगला लागून असलेल्या हॉलमध्ये टांगली म्हणून बॅटरी बसणाऱ्या गाड्या असतात. मग वीस ते चाळीस मिनिटं वाट पाहा. सुरुवातीला आकडा काही अँपिअर असतो, मग पायऱ्या उतरावा तसा खाली येतो. ५० मिलिअँपिअरच्या आत स्थिरावला तर गाडी निर्दोष.

१०० च्या वर अडकला तर आधी नंतर बसवलेल्या वस्तू पाहा. पहिला संशयित डॅशकॅमचा पार्किंग मोड. तो ३०० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला ७.२ एएच गेले. वर हिशेब केलेली बॅटरी दोन दिवसही टिकणार नाही. दुसरा ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडायच्या खाचेत) कायम खोचून ठेवलेला ब्लूटूथ डोंगल. तो स्वतः थोडं खातो, पण त्याच्यामुळे काही गाड्यांत सगळे कंट्रोलर जागे राहतात. तिसरा अ‍ॅम्प्लिफायर, ज्याची रिमोट वायर इग्निशनऐवजी कायम चालू असलेल्या लाइनवर मारलेली असते. मग जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला अलार्म. एकेक काढा आणि आकडा बघा.

त्यातूनही सापडला नाही तर फ्यूज बॉक्सकडे. फ्यूज उपटू नका. उपटल्या-बसवल्यावर कंट्रोलर जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास जातो. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन टोकं त्या ठिपक्यांना लावा. शून्य म्हणजे त्या लाइनमध्ये करंट नाही. ०.३, ०.५ असं काही दिसलं की तीच लाइन जागी आहे. त्या फ्यूजचा क्रमांक लिहून घ्या. कोणता कंट्रोलर झोपत नाही ते स्कॅनरने शोधणं हे पुढचं काम, आणि ते ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

७. चालत्या गाडीत चार्जिंग बघा

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर घ्या आणि आठवडाभर गाडीत ठेवा. उभ्या गाडीत, रिकाम्या आरपीएमला मोजून काहीच कळत नाही, कारण आताच्या बऱ्याच गाड्यांचे अल्टरनेटर एका ठरावीक व्होल्टवर चालत नाहीत. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते ढिले पडतात, पाय काढला की जोरात भरतात. खंबाटकीच्या उतारावर १४.८ आणि सपाट रस्त्यावर १२.९ असे आकडे एकाच गाडीत दिसतात.

लेड बॅटरीला हे चालतं. लिथियमचं विश्रांतीचं व्होल्टेजच १३.३ असल्याने अल्टरनेटर १३.२ वर रेंगाळला तर तिच्यात काहीच जात नाही. शिवाय निगेटिव्ह टर्मिनलवर जो छोटा काळा सेन्सर असतो, तो १३.३ व्होल्ट बघून गाडीला सांगतो की बॅटरी तुडुंब भरली आहे. गाडी चार्जिंग आणखी कमी करते. इकडे तोच सेन्सर आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजतो, तो हिशेब ७०-८० एएचच्या जुन्या बॅटरीवर बेतलेला असतो, आणि मग स्टार्ट-स्टॉप बंद, इशारा चालू. चार नंबरचा आकडा रोज थोडा खाली जात असेल आणि सहा नंबरमध्ये गळती नसेल, तर कारण हे.

इलाज कोडिंगचा. नवी बॅटरी स्कॅनरने गाडीत नोंदवायची, क्षमता आणि प्रकार बदलायचा. काही गाड्यांच्या यादीत लिथियम असते, पुष्कळांच्या नसते. तिथे बॅटरीच्या कागदावरची कमाल व्होल्टेज मर्यादा बघून सगळ्यात जवळचा पर्याय निवडावा लागतो. हे ज्याने आधी केलेलं आहे त्याच्याकडूनच करून घ्या. आणि चार्जर लावताना काळा चिमटा बॅटरीच्या पोस्टला न लावता बॉडीवरच्या अर्थ पॉइंटला लावा. तरच सेन्सरला चार्ज आत गेल्याचं कळतं.

व्होल्टमीटरवर १५ किंवा वर दिसलं, अगदी क्षणभर असलं तरी, गाडी चालवणं थांबवा. जास्त व्होल्टेजला बीएमएस चालत्या गाडीत जोड तोडतो आणि अल्टरनेटरचा सगळा करंट क्षणात गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सवर आदळतो. आरपीएम चढवल्यावर दिवे चमकण्याचं टर्मिनलनंतरचं दुसरं कारण हेच, आणि ईसीयू (इंजिनचा कंट्रोलर) जळला तर बॅटरीच्या कितीतरी पट खर्च.

८. सेल्फ मारताना कुठे व्होल्टेज पडतं

दोन माणसं लागतात. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला, क्लॅम्पला नव्हे, आणि दुसरं इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला. दुसऱ्याने सेल्फ मारावा. ०.३ च्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी खराब. तसंच पॉझिटिव्ह पोस्ट ते स्टार्टरचा मोठा बोल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. कोकणपट्टीतल्या आणि मुंबईच्या गाड्यांत इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली अर्थ पट्टी हिरवी पडून आतून कुरतडलेली असते. नवी टाकायला खर्च किरकोळ.

९. उष्णता आणि थंडी

बहुतेक लिथियम बॅटऱ्यांच्या कागदावर ६० अंशांच्या आसपासची मर्यादा असते. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात, टर्बोच्या शेजारी, गाडी बंद केल्यावरच्या पंधरा मिनिटांत बोनेटखाली हा आकडा सहज ओलांडतो. बीएमएस तोडतो, तासाभराने गार झाल्यावर गाडी आपोआप सुरू होते, आणि दोष कुणालाच सापडत नाही. उन्हात चालवून बंद पडली आणि सावलीत सुरू झाली, असं असेल तर उष्णतारोधक आवरण घाला किंवा बॅटरी डिकीत हलवा. हलवण्यासाठी जाड केबल आणि बॅटरीजवळ फ्यूज लागतो. ते घरचं काम नाही.

थंडीतला पहिला जड सेल्फ हा दोषच नाही. निफाडला पहाटे पारा एक आकडी होतो तेव्हा गार लिथियमचा आतला अडथळा वाढलेला असतो. हेडलाइट मिनिटभर लावा, बॅटरी आतून थोडी ऊबते, मग सेल्फ मारा. कॅनडा-जर्मनीत असाल तर शून्याखाली बाहेरून चार्जर लावू नका. त्या तापमानात भरताना सेलमध्ये धातूरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान परत भरून निघत नाही.

१०. बॅटरीच खराब आहे का

इथवर सगळं ठीक असेल तरच बॅटरीवर संशय घ्या. ती पूर्ण भरून गाडीतून काढा आणि हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना बल्ब तिला जोडा. तो साधारण साडेचार अँपिअर खातो. बल्ब फरशीवर ठेवा, कडक तापतो, सोडून जाऊ नका. १२.० व्होल्टला बल्ब काढा. किती तास चालला त्याला साडेचारने गुणा. खऱ्या २० एएचची बॅटरी चार तासांहून जास्त चालायला हवी. अडीच तासांत संपली तर क्षमता गेली, आणि हा आकडा वॉरंटीच्या दाव्यात उपयोगी पडतो.

चार्जर पाच मिनिटांत 'फुल' म्हणत असेल तर आतल्या चार सेलपैकी एखादा इतरांच्या आधी भरतो आहे. लिथियम चार्जर लावून काही तास राहू द्या, दोन-तीनदा करा. बीएमएस सेल हळूहळू एका पातळीवर आणतो. फरक पडला नाही तर परत द्या.

इथे थांबा

डबा उघडू नका, कुठल्याही कारणाने. गळती कोणत्या फ्यूजवर आहे ते कळलं की थांबा. पुढे वायर कापत शोधणं एअरबॅगच्या लाइनपर्यंत जाऊ शकतं. १५ व्होल्ट दिसले, जळका वास आला, बीएमएसने आठवड्यात दुसऱ्यांदा जोड तोडला, किंवा गाडी अजून कंपनीच्या वॉरंटीत आहे, तर ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा वर्कशॉप. विमा कंपनीलाही हा बदल लेखी कळवा.

जाताना वही न्या: डब्यावरचे खरे एएच, चार दिवसांची सकाळची व्होल्टेज, झोपल्यावरचा करंट, चालत्या गाडीतलं कमाल आणि किमान, नंतर बसवलेल्या वस्तूंची यादी. हे समोर असलं की आमचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे तेवढे पैसे. पावसाळ्यात गाडी उभीच ठेवणार असाल तर बॅटरी साधारण ६० टक्क्यांवर आणून निगेटिव्ह सोडा. सुटी लिथियम महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते. आणि निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याला किंवा कचऱ्यात देऊ नका, विकणाऱ्याला परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तिची पुढची जबाबदारी उत्पादकावर आहे.